डोंगराच्या पोटातलं पाणी

मुन्नारच्या एका डोंगरउतारावर अँथोनियार कॉलनी नावाची वस्ती आहे. २००५ च्या जुलैत इथे दरड कोसळली आणि माणसं गेली. चार वर्षांनी, २००९ च्या जुलैत, केरळवर पुन्हा तसाच पाऊस कोसळत होता आणि राज्यात ठिकठिकाणी दरडी सुटत होत्या. त्या दिवसांत या उताराच्या आत काय चाललं आहे, हे दूर कोल्लम जिल्ह्यात समुद्राकाठी बसलेल्या काही लोकांना आकड्यांत दिसत होतं. मातीतल्या पाण्याचा दाब चढत होता, माती किंचित सरकल्याच्या खुणा येत होत्या. त्यांनी इशारा दिला. सरकारी अधिकाऱ्यांनी तो गंभीरपणे घेतला आणि ते उतारावर पोचले. पुढे पाऊस ओसरला, उतार टिकला.

इशारा देणाऱ्या चमूच्या प्रमुख होत्या मनीषा विनोदिनी रमेश, अमृता विश्व विद्यापीठम् या संस्थेतल्या संगणकशास्त्राच्या प्राध्यापक. भारतात दरडीच्या जागी बिनतारी सेन्सरांचं जाळं प्रत्यक्ष पुरून, ते वर्षानुवर्षं चालवून, त्यातून लोकांना खरा इशारा देण्याचं काम ज्यांनी सर्वांत आधी केलं, त्यांत त्यांचं नाव येतं. त्यांच्या कामाचा तपशील महाराष्ट्रातल्या वाचकानं नीट समजून घ्यावा असं मला फार वाटतं. कारण २००५ च्या त्याच जुलैत आपल्याकडे महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते ही गावं दरडीखाली गेली. त्यानंतर माळीण गेलं, तळिये गेलं, इर्शाळवाडी गेली. सह्याद्री एकच आहे. त्याच्या दक्षिण टोकाकडे एका माणसानं आपलं सगळं संशोधनाचं आयुष्य एका प्रश्नाला दिलं, आणि आपण उत्तर टोकाला दर पावसाळ्यात नव्या गावाचं नाव शिकतो.

दरड का सुटते, याचं उत्तर बहुतेक जण ‘पाऊस’ असं देतील. ते अर्धंच खरं आहे. पाऊस वरून पडतो, पण उतार सुटतो तो आतून. मातीचे कण एकमेकांवर दाबले जाऊन घर्षणानं उतार धरून ठेवतात. कणांमधल्या पोकळ्यांत पाणी भरत गेलं की ते पाणी कणांना एकमेकांपासून ढकलायला लागतं. वरचं वजन तेच राहतं, किंबहुना पाण्यानं वाढतं, पण धरून ठेवणारी पकड सैल होते. समुद्रकाठी वाळूचा किल्ला करणाऱ्या पोराला हे ठाऊक असतं: थोड्या पाण्यानं किल्ला उभा राहतो, जास्त पाण्यानं बसतो. मृदा यांत्रिकीचा पाया घालणाऱ्या कार्ल टेर्झागी यांनी १९२० च्या दशकात हे गणितात मांडलं. तेव्हापासून उतार तपासणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो की आतल्या पाण्याचा दाब किती.

तो मोजणाऱ्या उपकरणाला पिझोमीटर म्हणतात. हाताच्या पंजाएवढी पोलादी नळी. तिच्या टोकाला सच्छिद्र दगडाची चकती असते. तिच्यातून पाणी आत येतं, माती बाहेर राहते. आत एक पातळ पडदा, आणि त्या पडद्याला ताणून बांधलेली पोलादी तार. पाण्यानं पडदा दाबला की तारेचा ताण बदलतो. विजेच्या एका झटक्यानं ती तार छेडायची आणि ती किती वेगानं कंप पावते ते ऐकायचं. कंपनसंख्येवरून दाब कळतो. केबल लांब असली तरी कंपनसंख्येत फरक पडत नाही, म्हणून बोअरच्या तळाशी ठेवलेलं उपकरणही वरपर्यंत बिनचूक बोलतं. धरणांच्या पोटात अशी उपकरणं फार आधीपासून असतात. धरणावर मात्र वीज असते, चौकीदार असतो, इंजिनिअर असतो. वस्तीमागच्या डोंगरावर यातलं काहीच नसतं.

मनीषा रमेश यांच्या संशोधनाची सुरुवात नेमकी इथे होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या विद्यापीठांत ‘मोट’ नावाचे काडेपेटीएवढे संगणक तयार झाले. दोन पेन्सिल सेलवर चालणारे, एकमेकांशी रेडिओनं बोलणारे, शेजाऱ्याचा निरोप पुढच्याला देत देत तो मुक्कामाला पोचवणारे. जंगलात, बेटावर, शेतात ते विखरून टाकायचे आणि निसर्गाची नोंद घरबसल्या घ्यायची, असं स्वप्न त्या वेळी जगभर पाहिलं जात होतं. कागदावर ते सुंदर होतं. पण मोट तयार झाला तो तापमान, उजेड असल्या हलक्या मोजमापांसाठी. पिझोमीटर, जमिनीचा बाक मोजणारे स्ट्रेन गेज, कल मोजणारे टिल्टमीटर, भूकंपनं टिपणारे जिओफोन, ओल मोजणारे सेन्सर ही भूगर्भशास्त्रातली जड मंडळी. त्यांना लागणारी वीज, त्यांचे सिग्नल, त्यांची भाषा सगळी वेगळी. दोघांच्या मध्ये बसणारी सर्किटं या चमूला स्वतः तयार करावी लागली.

युरोपीय संघाच्या ‘विनसॉक’ या संशोधन प्रकल्पात अमृता विद्यापीठ सहभागी होतं. तिथून मुन्नारच्या कामाला बळ मिळालं. २००८ मध्ये प्रायोगिक मांडणी झाली, २००९ च्या पावसाळ्यापर्यंत मुख्य मांडणी उभी राहिली. सुरुवातीला सुमारे ५० भूगर्भीय सेन्सर आणि २० बिनतारी केंद्रं होती, पुढे सेन्सरांची संख्या दीडशेवर गेली. उतारावर खोल बोअर घेऊन त्यात नळ्या उतरवल्या आणि वेगवेगळ्या खोलीला वेगवेगळे सेन्सर बसवले. जमिनीवरचे मोट एकमेकांतून निरोप पोचवत जवळच्या केंद्रात माहिती देतात, तिथून वायफायनं आणि उपग्रहामार्फत ती विद्यापीठाच्या कोल्लम जिल्ह्यातल्या अमृतापुरी कॅम्पसला पोचते. आकडे एका बाजूनं येत राहतात आणि दुसऱ्या बाजूनं उताराच्या स्थैर्याचं गणित पुन्हा पुन्हा सोडवलं जातं. इशारेही तीन पायऱ्यांचे ठेवले आहेत. पाऊस आणि ओल वाढली की पहिली पायरी, पाण्याचा दाब चढला की दुसरी, आणि माती सरकू लागली की तिसरी. तिसऱ्या पायरीवर हातात वेळ थोडाच उरतो, त्यामुळे सगळी मदार पहिल्या दोन पायऱ्यांवर.

या कामावरचा त्यांचा मोठा शोधनिबंध ‘ॲड हॉक नेटवर्क्स’ या नियतकालिकात २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यातले मांडणीचे अनुभव मला सिद्धांताइतकेच मोलाचे वाटतात. केंद्रं सौर पॅनेलवर चालतात, आणि ज्या आठवड्यात डोंगर सुटण्याचा धोका सर्वाधिक त्याच आठवड्यात सूर्याचं तोंड दिसत नाही. म्हणून बॅटरी जपून वापरायची. कोरड्या दिवसांत सेन्सरांनी क्वचितच डोळा उघडायचा आणि पाऊस वाढला की आपोआप जलद मोजायला लागायचं. प्रयोगशाळेत सहज दूरवर पोचणारा रेडिओ दाट झाडीत आणि मुसळधार पावसात आखडतो. या अडचणी एकदा सोडवल्या की संपल्या असं होत नाही. त्या दर वर्षी जूनमध्ये परत येतात. मुन्नारच्या कामाचं वेगळेपण माझ्या मते इथेच आहे. जगभर सेन्सरांची जाळी असंख्य बसली. त्यांतली पुष्कळशी एखाद्या हंगामात शोधनिबंधापुरती माहिती देऊन काढली गेली, काही तशीच पडून राहिली. दरडीचं काम मात्र एका हंगामाचं असूच शकत नाही. उतार पंधरा वर्षं गप्प बसेल आणि सोळाव्या वर्षी एका रात्रीत उतरेल. त्या रात्री उपकरण जागं असावं म्हणून आधीची पंधरा वर्षं कुणीतरी बॅटऱ्या बदलत राहावं लागतं.

आपल्याकडेही हा विचार झाला होता. आयआयटी मुंबईतल्या संशोधकांनी २००५ च्या सुमारास ‘सेनस्लाइड’ नावाची, खडकातला ताण मोजून दरडीचा अंदाज घेणारी सेन्सर-जाळ्याची कल्पना मांडली होती. वैभववाडीजवळ २००३ च्या जूनमध्ये कोकण रेल्वेच्या रुळांवर दरड आली आणि गाडी घसरून पन्नासच्या आसपास माणसं गेली, तो अपघात तेव्हा ताजाच होता. याच आयआयटीचा ‘ॲग्रिसेन्स’ हा प्रकल्प नाशिकच्या द्राक्षमळ्यात ओल आणि हवामान मोजत होता. म्हणजे ज्ञान मुंबईत होतं, गरज रायगड-रत्नागिरीत होती. मधलं अंतर कापायला मुन्नारसारखा एक उतार आणि त्यावर ठाण मांडून बसणारी एक संस्था लागते, ती महाराष्ट्रात मिळाली नाही.

आता या कामातल्या सर्वांत अवघड गोष्टीकडे येतो. सेन्सर ज्या भोकात बसवला आहे, त्या भोकापुरतंच बोलतो. दहा मीटरवरची माती वेगळी असू शकते, शेजारचा उतार तर वेगळा असतोच. मग उरलेल्या डोंगराचं काय? त्याचं उत्तर नकाशात शोधावं लागतं. उताराचा कल, मातीची जाडी, खडकाचा प्रकार, ओढ्यांची दिशा, झाडोरा, रस्त्यासाठी कापलेला भाग हे सगळं एकावर एक ठेवून, कुठली जागा सुटण्याची शक्यता अधिक ते ठरवायचं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं २०१४ पासून देशभर हे काम हाती घेतलं आणि दरडप्रवण समजल्या जाणाऱ्या सुमारे सव्वाचार लाख चौरस किलोमीटरचे नकाशे केले. इस्रोच्या हैदराबादच्या केंद्रानं २०२३ मध्ये काढलेल्या दरडींच्या नकाशासंग्रहात १९९८ ते २०२२ या काळातल्या सुमारे ८० हजार दरडींची नोंद आहे. हे थोर काम आहे.

पण प्रमाण पाहा. सर्वेक्षणाचे नकाशे १:५०,००० या प्रमाणाचे. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचं अर्धा किलोमीटर. शंभर मीटरची वाडी त्यावर दोन मिलिमीटरची होते, पेन्सिलीच्या टोकाखाली झाकून जाईल एवढी. इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची चाळीसेक घरांची वाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जणांना बेपत्ता म्हणून अखेर मृत मानावं लागलं. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनं विधिमंडळात सांगितलं. आधीच्या तीन दिवसांत तिथे ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता, हेही तिथेच सांगितलं गेलं. पावसाचा आकडा होता, नकाशाही होता. त्या दोन्हींच्या मधल्या जागेत वाडी होती.

पावसावरूनच इशारा का देऊ नये, असं कुणी विचारेल. जगभर तसं करून पाहिलं गेलं आहे. नेल केन या संशोधकानं १९८० मध्ये जगभरच्या ७३ दरडींच्या नोंदी मांडून एक सूत्र काढलं: पाऊस किती वेळ टिकला आणि तासाला किती पडला, या दोन आकड्यांवरून धोक्याची रेषा. त्या सूत्रात चोवीस तास घातले तर उत्तर दिवसाला साधारण शंभर मिलिमीटरच्या आसपास येतं. आता ताम्हिणी, माथेरान, महाबळेश्वर आठवा. जुलैत शंभर मिलिमीटर हा तिथे नेहमीचा दिवस. ही रेषा आपल्याकडे लावली तर भोंगा महिनाभर वाजत राहील, आणि दोन आठवड्यांत त्याच्याकडे कुणी लक्ष देणार नाही. घाटाची माती शतकानुशतकं हा पाऊस झेलत आली आहे, तिची रेषा वेगळी. ती कुठे आहे हे कळायला त्याच मातीत उपकरण लावून बरीच वर्षं ऐकावं लागतं. मुन्नारमध्ये नेमकं तेच झालं.

तरीही मुन्नारच्या परिसरातच ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री पेट्टिमुडी घडलं. चहाच्या मळ्यातल्या तमिळ मजुरांच्या चाळी, त्यांना तिथे ‘लयम’ म्हणतात, डोंगरावरून ओढ्याच्या वाटेनं उतरलेल्या मातीदगडाखाली गेल्या. सत्तर माणसं गेली. वीज आणि फोन आधीच बंद पडलेले असल्यानं बाहेरच्या जगाला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पत्ता लागला नाही. देशातला सर्वांत बारकाईनं ऐकला जाणारा उतार तिथून काही किलोमीटरवर होता. याचा दोष मी त्या संशोधनाला देत नाही, देणं अन्यायाचं होईल. एका विद्यापीठानं एक डोंगर ऐकला. बाकीचे डोंगर ऐकणं हे विद्यापीठाचं काम नव्हतं, ते राज्याचं होतं. पण सेन्सरांच्या जाळ्याचं यश सांगताना पेट्टिमुडीचं नाव वगळलं तर ते सांगणं अपुरं राहतं.

मनीषा रमेश यांचं काम पुढे सिक्कीमला पोचलं. गंगटोकच्या चांदमारी भागात, जिथे १९९७ मध्ये दरडींनी हाहाकार उडवला होता, तिथे त्यांच्या चमूनं दुसरं जाळं उभारलं. हिमालयातली माती, थंडी, खडक सगळंच निराळं. मुन्नारची गणितं तशीच्या तशी उचलून नेता आली नसणार, हे उघड आहे. दरम्यान त्यांच्या केंद्रानं कोल्लमच्या मच्छीमारांसाठी खोल समुद्रात बोटींवर इंटरनेट पोचवणारी ‘ओशननेट’ ही यंत्रणा केली. ‘लिव्ह-इन-लॅब्स’ या उपक्रमात विद्यार्थी खेड्यात राहून तिथलेच प्रश्न अभ्यासतात. अनुभवातून शिक्षण या विषयावरचं युनेस्कोचं अध्यासनही त्यांच्याकडे आलं. वरवर पाहता हे वेगवेगळे विषय वाटतात. पण अमृतापुरीसमोरच्या आलप्पाडच्या चिंचोळ्या किनारपट्टीवर २००४ च्या त्सुनामीनं माणसं नेली होती, हे लक्षात घेतलं की मच्छीमार आणि डोंगरातला मजूर एकाच संशोधकाच्या कामात का येतात ते समजतं. संकटाच्या वेळी निरोप शेवटच्या माणसापर्यंत कसा न्यायचा, हाच दोन्हीकडचा प्रश्न.

खर्चाचा मुद्दा टाळता येणार नाही. बोअर, पिझोमीटर, उपग्रह जोडणी हे प्रत्येक वाडीला परवडणारं नाही. आयआयटी मंडीनं हिमाचलमध्ये कमी खर्चाची, जमिनीच्या वरच्या थराची हालचाल टिपणारी यंत्रणा केली. कोट्रोपीत २०१७ मध्ये मोठी दरड कोसळून बसगाड्या वाहून गेल्यावर ती तिथे बसवली, आणि पुढच्याच पावसाळ्यात तिच्या इशाऱ्यावर रस्त्यावरची वाहनं थांबवता आली. वायनाडमध्ये तर त्याहून साधं काम झालं आहे. कल्पेट्टातल्या ह्यूम सेंटर या संस्थेनं जिल्हाभर दोनशेच्या आसपास पर्जन्यमापकांचं जाळं विणलं. शेतकरी आणि मळेवाले रोज आकडे कळवतात, संस्था त्यांचा नकाशा काढते. २०२० मध्ये याच नोंदींवरून मुंडक्कैतली माणसं वेळेत हलवली गेली आणि दरड येऊनही जीव वाचले. ३० जुलै २०२४ च्या दरडीआधीही संस्थेनं प्रशासनाला आदल्या दिवशी सकाळी कळवलं होतं. त्या वेळी माणसं हलली नाहीत. मुंडक्कै आणि चूरलमला अडीचशेहून अधिक माणसांसह गेली.

म्हणून मला या साऱ्या कथेत उपकरणाइतकाच दुसऱ्या टोकाचा माणूस महत्त्वाचा वाटतो. संशोधक इशारा देऊ शकतो, घर सोडायला लावू शकत नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे तो अधिकार जिल्हा प्राधिकरणाचा, म्हणजे त्याच्या अध्यक्षस्थानी असलेल्या जिल्हाधिकाऱ्यांचा. २००९ मध्ये मुन्नारचा इशारा फळाला आला, कारण आकडे पाहणारा आणि आदेश देणारा यांच्यात बोलणं झालं.

महाराष्ट्राकडे पाया नाही असं नाही. ‘महावेध’ प्रकल्पात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आहेत. ती बसली पिकांसाठी आणि पीकविम्यासाठी, पण पाऊस तोच आहे. अडचण जागेची. मंडळाचं केंद्र बहुधा सपाटीवर, रस्त्याच्या सोयीनं, आणि वाडी गडाच्या खांद्यावर. घाटात चार-पाच किलोमीटरच्या आत पाऊस दुप्पट होतो, हे कुठलाही गिर्यारोहक सांगेल. वाडीजवळ मोजमाप नसलं की काय होतं ते माळीणला दिसलं होतं. तिथल्या डोंगराचा कल, वरची पडकईची, म्हणजे शेतीसाठी उतार कापून केलेली सपाटी, मातीतलं पाणी याबद्दल २०१४ नंतर पुष्कळ चर्चा झाली. पण २०१४ च्या ३० जुलैला सकाळी गाव नाहीसं झाल्याचं बाहेरच्या जगाला सांगितलं ते एसटीच्या चालकानं. १५१ माणसं गेली होती.

पुणे, रायगड, रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत घाटमाथ्यालगतच्या प्रत्येक वाडीवर निदान एक पर्जन्यमापक हवा, तो वाचणारी वाडीतलीच एक व्यक्ती हवी, आणि दरवर्षी मेअखेर तपासणी हवी. अतिधोक्याच्या निवडक उतारांवर मुन्नारसारखी खोल उपकरणं हवीत, आणि ती सांभाळण्याची जबाबदारी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पंधरा-वीस वर्षांसाठी निधीसह द्यायला हवी. वीज आणि फोन गेल्यावरही वाजेल असा, बॅटरीवरचा भोंगा हवा. इर्शाळवाडीवर दरड आली ती रात्री साडेदहाच्या पुढे, पेट्टिमुडीत रात्री पावणेअकराच्या सुमारास, मुंडक्कैत मध्यरात्रीनंतर. त्या वेळी जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात जवळच्या खोपोलीचा पावसाचा आकडा कोण पाहत असेल आणि इर्शाळगडाच्या पायथ्याशी निरोप घेऊन कोण चालत जाईल, त्या दोघांची नावं जून लागण्याआधी कागदावर असली पाहिजेत.